मामांनी भिजवलेला घाट

सगळं कतार सपाटीवर राहायचं, एकटे आमचे मामा तेवढे चढावर राहायचे. उगीच नाही म्हणत. परात पालथी घालावी आणि वरनं पीठ भुरभुरावं तसा तो सगळा मुलूख. दोह्यापासून आमच्या मळ्यापर्यंत तासभर मोटार धावायची, तरी मांडीवरच्या तांब्यातलं पाणी हलायचं नाही. पण मामांना विचाराल तर ते सांगणार, "वाटंत दोन चढ हायत, सूनबाई. पहिला बारका हाय, दुसरा जरा दम काढतो." मी खिडकीला नाक लावून लावून बघितलं, मला एक पण चढ दिसला नाही. तर म्हणे, "डोळ्याला दिसत न्हाई तो. बुडाखाली कळतो." त्यामुळं त्यांच्या बोलण्यात सारखं वर आणि खाली. अल सद्दला बाजाराला जायचं म्हणजे खाली जायचं, मळ्यावर परत यायचं म्हणजे वर यायचं, आणि विमानतळ तर त्यांच्या हिशोबानं पार दरीतच. एकदा मळ्यावर नवीन आलेल्या माणसाला त्यांनी सांगितलं, "जरा नीचे जाके पाना लेके आव," तर तो बिचारा विहिरीत डोकावून आला आणि म्हणाला, नीचे तो सिर्फ पानी है. मामांनी कपाळावर हात मारला. "ह्या सपाटीवरच्या माणसांस्नी काय सांगून उपेग न्हाई."

मामा म्हणजे आमच्या ह्यांच्या आईचे चुलतभाऊ, कुंभार्ली घाटातल्या वाडीवरचे. अरबाबच्या मळ्यावर पाण्याचा टँकर चालवायचे. मालकाला तिकडं अरबाब म्हणतात. अरबाबकडं मोटारी ढीगभर, त्या दुरुस्त करायला मामांनीच ह्यांना बोलावून घेतलं, आणि ह्यांचं काम अरबाबला पसंत पडलं म्हणून मळ्याच्या कडेला दोन खोल्या मिळाल्या आणि मला आणायची परवानगी मिळाली. मी आले तेव्हा बेबी अंगावर पिणारी. माझी शाळा सातवीत सुटलेली, मुंबईसुद्धा मी विमानतळाच्या वाटेवर पाहिली तेवढीच. विमानात भीतीनं पदर तोंडात धरून बसले होते, ती दोह्यात उतरले तरी पदर सोडला नाही. एसी सुरू झाला की घाबरायचे, बंद पडला की जास्त घाबरायचे. अरबाबच्या आईच्या तोंडावरचा तो काळा चमकता मुखवटा बघून मी पहिल्या दिवशी बेबीला घेऊन कपाटाच्या मागं उभी राहिले होते, आणि ती म्हातारी बिचारी बेबीला द्यायला खजूर घेऊन आली होती. हे कामाला गेले की घरात मी, बेबी आणि भीती. त्यात एक माणूस रोज दुपारी टँकर घेऊन यायचा, आमच्या टाकीत पाणी सोडायचा आणि पायरीवर बसून चहा मागायचा. मामा नसते ना, तर मी पहिल्या महिन्यातच परत गेले असते, पायी सुद्धा.

त्यांच्या एकेक तऱ्हा. टँकरला ते म्हैस म्हणायचे. सकाळी सुरू करायच्या आधी तिच्या पत्र्यावर थाप मारायची, कानाजवळ म्हणजे आरशाजवळ तोंड नेऊन काहीतरी पुटपुटायचं, मग चावी. गाडी उभी केली की उतरून मागच्या चाकाखाली दगड. घाटातल्या ड्रायव्हरचा हात तो, दगड लावल्याशिवाय त्याला गाडी उभी केल्यासारखीच वाटत नाही. पण जिथं गोटी सुद्धा ठेवली तिथंच राहते अशा जागेवर? मामांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी आमच्या बेबीच्या ढकलगाडीला दगड लावला, एसीवाल्याच्या शिडीला लावला, आणि एकदा अल सद्दच्या मोठ्या दुकानात आम्ही सामान आणायला गेलो तेव्हा त्या चाकाच्या जाळीच्या गाडीला त्यांनी दुधाच्या पावडरीचे दोन डबे लावले, एक पुढं, एक मागं, आणि निवांत मसाले बघायला गेले. दुकानातला मलबारी पोऱ्या आला, डबे उचलून परत फळीवर ठेवले. मामांनी परत लावले. त्यानं परत उचलले. शेवटी मामा त्याला म्हणाले, "भाई, गाडी गया तो तुम पकडेगा?" तो पोऱ्या गाडीकडं बघतो, फरशीकडं बघतो, माझ्याकडं बघतो. मी पदर तोंडात. हे मात्र पोट धरून हसत होते.

पण ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगायला बसले ती वेगळीच. आमच्या स्वयंपाकाच्या खिडकीतून एक टेकडी दिसायची. त्या पालथ्या परातीवर कुणी तरी उंडा ठेवून विसरून गेल्यासारखी. गावच्या देवळावर अजून एक देऊळ ठेवलं तर जेवढं होईल तेवढी उंच, जास्त नाही, आणि तिच्या अंगावरनं एक पिवळट रस्ता वळत वळत वर गेलेला. मी आले ते उन्हाळ्यात, तेव्हा ती गप पडलेली होती. मग थंडी पडली, आणि एका शुक्रवारी सकाळी मी भाकरी थापत होते तर अशी काही गर्जना झाली की भांडी हलली. बघते तर एक मोटार त्या टेकडीवर नुसती उधळलीये, धुरळा, चाकं कोकलतायत. ती वर गेली. मग दुसरी. मग तिसरी. मला वाटलं, काहीतरी मारामारी झालीये आणि पाठलाग चाललाय, आता पोलीस येणार, ह्यांना धरून नेणार. बेबीच्या कानात कापूस घालून मी कॉटखाली. तिथं मामांनी मला शोधलं. ते खाली वाकून बघत होते, हातात चहाचा रिकामा कप.

"सूनबाई, चहा हाय का न्हाई?"

"मामा, कोण कुणाला मारतंय?"

"मारतंय कोण? घाट चढत्यात. ये भायेर. तुला पयल्यापास्नं सांगतो."

आणि पहिल्यापासून म्हणजे पहिल्यापासूनच. मामांची ती सवय. टेकडीची गोष्ट मधनं विचारलेली त्यांना चालायची नाही, आणि मधे कुणी बोललं तर ते परत पायथ्याला जायचे. "घाट मधनंच चढता येतो का?" असं म्हणायचे. त्यामुळं ती गोष्ट मी किती वेळा ऐकली आणि किती वेळा अर्धीच ऐकली ते देवाला ठाऊक. दुपारी विहिरीवर टँकर भरायला लागायचा, पाईप टाकीत सोडलेला, पाण्याचा तो एकसुरी आवाज, बोरीच्या झाडाची सावली. बोरी तिकडं पण असतात, तशीच बोरं, फक्त नाव दुसरं. बेबी माझ्या मांडीवर, मामा दगडावर, आणि समोर उन्हात ती टेकडी हलल्यासारखी दिसायची, जणू ती पण ऐकतीये. अर्धवट झोपेत ऐकलेली गोष्ट जशी असते ना, खरी पण आणि नाही पण, तशी ती माझ्या डोक्यात राहिलीये.

तर अरबाब तरुण असताना डोळ्यांच्या औषधपाण्याला विलायतेला गेले होते. तिथं कुणी त्यांना एका बड्या जमीनदाराच्या मळ्यावर नेलं. मळा म्हणजे हिरवा डोंगरच, झाडी, वाडा, आणि डोंगरावर जाणारा रस्ता. त्या रस्त्यावर मोटारी चढवायच्या, एका वेळी एकच. कुणाला मागं टाकायचं नाही, कुणाला घासायचं नाही, समोर फक्त चढ आणि घड्याळ. ज्याला कमी टाइम लागला तो जिंकला. बाया टोप्या घालून बघत बसलेल्या, चहा पीत. अरबाबच्या एका डोळ्यावर पट्टी होती, म्हणून त्यांनी ते सगळं एकाच डोळ्यानं बघितलं, पण असं बघितलं की परत आले ते डोंगर मागतच आले. आता कतारमध्ये डोंगर कुठला? मळा होता, मोटारी होत्या, पैसा यायला लागला होता, डोंगर तेवढा नव्हता. तेव्हा दोह्यात नव्या इमारतींचे पाये खणायला सुरुवात झालेली, आणि निघालेला दगडमुरूम टाकायचा कुठं हे कुणाला कळेना. अरबाब म्हणाले, माझ्याकडं टाका.

"आन् पयला डंपर कुणाचा?" मामा विचारायचे.

"तुमचा," मी म्हणायचे.

"माजा." आणि ते टेकडीकडं बोट करायचे. "घाट सोडून आलो व्हतो गं मी. हितं आल्यावर आठ दिस झोप न्हाई. पाय पसरलं की वाटायचं सगळं जग निसटून चाललंय, धरायला कायच न्हाई. आन् मग ह्या अरबाबनं सांगितलं, हितं डोंगर कर."

दोन की तीन वर्षं डंपर येत राहिले आणि टेकडी वाढत राहिली. मग रोलर फिरला, रस्ता झाला, आणि मामांनी त्याच्या वळणांना नावं दिली. पहिलं पिंपळाचं वळण, तिथं पिंपळ सोडा, गवताची काडी नव्हती. दुसरं म्हसोबाचं. तिसरं सासुरवाशिणीचं, कारण तिथं रस्ता असा काही वळतो की गाडीचं तोंड पार मागं फिरतं, जिथून आलो तिकडं. मामा म्हणायचे प्रत्येक घाटात असं एक वळण असतं, तिथून लेकीला माहेर शेवटचं दिसतं. गोरे इंजिनियर लोक त्यांच्या बसक्या उघड्या मोटारी घेऊन यायला लागले तेव्हा ते पण म्हसोबा म्हसोबा करायचे, "माय कार स्टॉप्ड अॅट म्हसोबा" म्हणे. म्हसोबानं काय मनात म्हटलं असेल!

पहिल्या साली फक्त पिकअप होत्या, मागं शेळ्या सुद्धा तशाच. दुसऱ्या साली अरबाबच्या भावांनी लांबलचक अमेरिकन गाड्या आणल्या, त्या पिंपळाच्या वळणात मावेनात, पुढं-मागं पुढं-मागं करत राहिल्या आणि टाइम घेणारा गोरेसाहेब वर छत्रीखाली झोपून गेला. आणि तिसऱ्या साली मामांची ती चूक झाली, जी आपल्याकडच्या माणसाशिवाय कुणाच्या हातून होणार नाही. धूळ फार उडते म्हणून अरबाबनं सांगितलं, रस्त्यावर थोडं पाणी मारा. मामा तोवर टँकरवर आले होते. आता घरी पाहुणे येणार म्हटल्यावर आपल्याकडं अंगणात सडा कसा घालतात? मामांनी तसा घातला. पहाटे उठून, सढळ हातानं, वरपासून खालपर्यंत दोन टँकर. रांगोळी तेवढी काढायची राहिली. मुरूम भिजला, त्याचा साबण झाला. पहिली मोटार म्हसोबापर्यंत गेली आणि तिथून मागं मागं, अगदी सावकाश, जशी पाहुणी बाई उंबऱ्यातून मागं सरते तशी येऊन लसूणघासाच्या शेतात बसली. तिच्यामागं दुसरी. दुपारपर्यंत सहा पाहुणे लसूणघासात. अरबाब काय बोलले असतील असं मला वाटायचं, तर मामा सांगायचे, "कायच न्हाई. हसून हसून डोळं पुसलं, आन् म्हणले, खलास, आता तूच शिक."

मग मामा शिकले. भाकरी तव्यावर टाकली की वरनं पाण्याचा हात फिरवतो ना आपण, तेवढंच पाणी, ना जास्त ना कमी. कमी झालं तर भाकरी तडकते, जास्त झालं तर चिकटते. त्यानंतर दर थंडीत मोटारींच्या आधी म्हैस वर जायची, मागच्या फवाऱ्यातून बारीक पाणी सोडत, आणि मगच पहिला झेंडा पडायचा. त्या सकाळी मामा पायथ्याला नारळ फोडायचे. अरबाबचा धर्म वेगळा, पण त्यांनी कधी अडवलं नाही, तेवढ्यापुरते ते शेळ्या बघायला जायचे आणि परत आल्यावर म्हणायचे, "हुआ? यल्ला," म्हणजे चला आता. खोबऱ्याचा तुकडा मात्र खायचे.

आणि आता मामांचं दुखणं सांगते. इतक्या वर्षांत त्या टेकडीवर किती जण चढले, अरबाब, त्यांचे भाऊ, गोरे, एक डॉक्टर, सगळ्यांचा टाइम पायथ्याच्या काळ्या फळ्यावर खडूनं लागला. मामा सगळ्यांच्या आधी चढायचे आणि त्यांचा टाइम कुणी कधीच घेतला नाही. त्यांना तेवढंच हवं होतं. दर वर्षी टोपी काढून अरबाबपुढं उभे राहायचे, "अरबाब, इस टाइम मेरा भी टाइम लेव." आणि दर वर्षी अरबाब हसून म्हणायचे, "इन्शाल्ला, अगला साल." तिकडं राहिलं की कळतं, इन्शाल्ला म्हणजे नाही नव्हे आणि हो पण नव्हे, मधे कुठंतरी टांगून ठेवलेलं असतं. हे मामांना चिडवायचे, "मामा, म्हशीचा टाइम घ्यायला घड्याळ नाही, कॅलेंडर लागंल." मामा त्या दिवशी चहा न घेता जायचे.

"कशाला हो बोलता?" मी ह्यांना म्हणायचे.

पण दुसऱ्या दिवशी परत पायरीवर. "सूनबाई, गावाकडं लोक इचारत्यात, इतकी वर्सं तिकडं काय केलंस? काय सांगू? पाणी मारलं? घाट चढलो म्हणून सांगायला एक टाइम पायजे का नगं?"

बेबीला दात यायला लागले तेव्हा ती दिवसभर रडायची. अशी रडायची की मीही तिच्याबरोबर रडत बसायचे, दोघींचं एकच औषध माहेरी होतं आणि माहेर समुद्रापलीकडं. मामांनी एक दिवस आम्हा दोघींना टँकरमधे बसवलं आणि खजुरीच्या बागेतून फिरवलं. मी डोळे मिटून, दाराची कडी धरून. मागं टाकीत पाणी हिंदकळत होतं, डुबुक डुबुक, इंजिन एका सुरात, आणि बेबी दहा झाडांत झोपली. तेव्हापासून ती म्हशीतच झोपायची. गाडी थांबली की डोळा उघडायची, चालू झाली की मिटायची. मामा सगळ्यांना सांगायचे, "माज्या म्हशीला पाळणा म्हणून घेतलंय." टेकडीवर मात्र मी कधी गेले नाही. मामा म्हणायचे, चल एकदा, वरनं समुद्र दिसतो. मी म्हणायचे, मला खालूनच सगळं दिसतंय, तेवढं पुरे.

मग पुढच्याच थंडीच्या आधी बातमी आली. तेलाचे दिवस उतरले होते म्हणे, अरबाब थकले होते, कारभार मुलाकडं गेला, आणि मुलानं टेकडीचा मुरूम नव्या रस्त्याच्या भरावाला द्यायचं ठरवलं. जशी डंपरनं आली तशी डंपरनं जाणार. मळ्यावरची माणसं पण कमी करायची होती, आणि मामांना गावी पाठवायचं ठरलं. म्हणजे आता मोटारी चढवायचा एकच शुक्रवार उरला, शेवटचा. आता "अगला साल" म्हणायला अरबाबपाशी सालच उरलं नव्हतं. मामा गेले आणि टोपी काढून उभे राहिले. अरबाबनी त्यांच्याकडं बघितलं. मग म्हणाले, "सबसे पहला तुम. घडी के साथ."

त्यानंतरचे आठ दिवस आमचं घर म्हणजे लग्नघर झालं होतं. हेच चिडवणारे हे, संध्याकाळी म्हशीच्या पोटाखाली झोपून तिचं इंजिन खोलायचे. नवे प्लग, नवं ऑइल, तेवढं कशाला, आरसा सुद्धा घासला. बेत असा होता की फवारा पूर्ण उघडायचा, म्हणजे पळताना पण रस्ता नीट भिजेल, आणि दुसऱ्या गिअरमधे जेवढी पळेल तेवढी पळवायची. हे म्हणाले, "मामा, टाकी रिकामीच न्या ना. हलकी होईल, पळंल." मामा असे बघत राहिले जणू ह्यांनी नारळ नको म्हटलं. "आन् मागच्यांनी धूळ खायाची? रस्ता कोरडा ठेवून माजा टाइम घेऊ? ती चोरी हाय."

त्या सकाळी मी गेले. मामांनी सांगितलं होतं, तू बघाया पायजेस. पायथ्याला मोटारींची रांग, सगळ्या घुरघुरतायत, आणि सगळ्यांच्या पुढं म्हैस, कपाळाला कुंकू, आत मामा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. अरबाब डोक्यावरचा पांढरा रुमाल काढून हातात उंच धरून उभे, तो खाली आला की वरच्या गोरेसाहेबानं घड्याळ दाबायचं. हे वर, गोरेसाहेबाजवळ. आणि इतक्यात बेबीनं टाहो फोडला. इतक्या इंजिनांच्या आवाजात तिचं रडणं ऐकू जाईल असं मला वाटलंच नाही, पण मामांनी मान बाहेर काढली. अरबाबचा हात वर. सगळे थांबलेले. मामा दार उघडून खाली उतरले.

"सूनबाई, चढ वर."

"अहो मामा, तुमचा टाइम!"

"टाइम काय पळून चाललाय? चढ म्हणतो ना."

मला वाटतं मी घाबरूनच चढले, नाही म्हणायला जी हिंमत लागते ती नव्हती म्हणून. रुमाल खाली आला. म्हैस उधळली. आयुष्यात ती तशी कधी पळाली नव्हती, इंजिन किंचाळतंय, मागं पाणी आदळतंय, मी बेबीला छातीशी आवळून डोळे गच्च मिटलेले, "मामा हळू, मामा हळू," आणि मामा हसतायत, लहान पोरासारखे. पिंपळाचं वळण गेलं. बेबीचं रडणं हुंदक्यावर आलं. म्हसोबाच्या वळणावर तिनं एक मोठा सुस्कारा सोडला, आणि माझ्या दंडावर तिचं डोकं जड झालं. ते मामांनी तिरक्या डोळ्यानं बघितलं. हसणं थांबलं. त्यांचा पाय उचलला गेला, हात गिअरवर गेला, फवारा बारीक झाला, आणि म्हैस पहिल्या गिअरमधे आली, रोजच्यासारखी, पाळण्यासारखी.

"मामा," मी कुजबुजले, "टाइम..."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. प्रत्येक वळणावर हॉर्न मारायची त्यांची रीत, समोरून कुणी येणार नसलं तरी. त्या दिवशी हॉर्नवरचा हात त्यांनी काढून मांडीवर ठेवला.

मग कसलाच आवाज नव्हता. म्हणजे होता, डुबुक डुबुक, पण तो आतला होता. आम्ही इतके सावकाश चाललो होतो की बाजूच्या मुरमातला एकेक खडा मला दिसत होता, ओला होऊन काळा पडलेला. मी डोळे केव्हा उघडले ते कळलं नाही. सासुरवाशिणीच्या वळणाला गाडीचं तोंड फिरलं आणि सगळं कतार माझ्यापुढं पडलं. खजुरीची बाग हातावरच्या गोंदणाएवढी. आमच्या दोन खोल्या, दोरीवर वाळत टाकलेलं माझं हिरवं लुगडं. त्याच्यापलीकडं नुसता पिवळा उजेड, आणि अगदी शेवटी समुद्राची रेघ, निळी पण नाही, असल्यासारखी. मला वाटलं, त्या रेघेच्या पलीकडं माझी आई भांडी घासत असेल. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. भीती पण कुठं गेली कळेना, मी शोधली तरी सापडेना.

आता तिथं टेकडी नाही. महिनाभरात डंपरांनी ती नेली, एका नव्या रस्त्याच्या पोटात घातली, आणि त्या रस्त्यावरून मी कधी दोह्याला जाते तेव्हा बाटलीतलं पाणी हलतंय का बघते. नाही हलत. मामा त्याच महिन्यात गावी गेले. अरबाबनी स्वतः मोटारीत बसवून विमानतळावर सोडलं म्हणे.

पण त्या सकाळी आम्ही वर पोचलो तेव्हा हे धावत आले, तोंड उतरलेलं. इंजिन मामांनी चालूच ठेवलं होतं, बेबी जागी होईल म्हणून. गोरेसाहेब हातातल्या घड्याळाकडं बघत होता, कानाला लावून बघत होता, बंद पडलंय की काय.

"मामा," हे दबक्या आवाजात म्हणाले, "काय केलंत हे? आजवरचा सगळ्यात जास्त टाइम. पहिल्या साली बंद पडलेली पिकअप ढकलत वर आणली होती, तिच्यापेक्षा पण जास्त."

मामांनी ते नीट ऐकलं. दोनदा मान हलवली.

"म्हंजी," ते म्हणाले, "ह्या घाटात सगळ्यांत जास्त येळ मीच व्हतो."

गोरेसाहेबानं खालच्या फळ्यावर लिहायला आकडा हातानं दाखवला, आणि खाली कुणीतरी तो खडूनं लिहिला. पायथ्याला मोटारींची रांग तशीच उभी होती. अरबाबनी रुमाल परत डोक्यावर टाकला होता आणि ते आमच्याकडं वर बघत होते. कुणी हॉर्न दिला नाही, कुणी घाई केली नाही. बेबी झोपली होती, म्हैस धापा टाकत होती, थंडीचं कोवळं ऊन होतं, आणि आमच्या डोळ्यांदेखत तो भिजवलेला रस्ता हळूहळू फिका पडत चालला होता, एकेक वळण करत.

"वाळला," मामा म्हणाले. टाकीवर थाप मारून अंदाज घेतला. "अर्धं पाणी हाय अजून." आणि मग माझ्याकडं वळून, आवाज अगदी खाली आणून, जसं काही लोकांना कळलं तर कुणी नको म्हणेल, "सूनबाई, परत एकदा भिजवाया लागंल गं."